मोकल सर आणि पहिलं बटन

मोकल सर हॉटेलात मेन्यूकार्ड वाचत नसत. पहिल्या ओळीवर बोट ठेवत आणि म्हणत, "ह्यो. पयला लिवलाय म्हंजे चांगलाच असनार." कोलाडच्या एका धाब्यावर ती पहिली ओळ पाण्याच्या बाटलीची निघाली. सरांनी बाटली संपवली, पण दुसरी ओळ काही वाचली नाही.

पेणमध्ये त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता आणि जोडीला वेबसाइट बनवून देण्याचा धंदा. मी रोह्याहून एसटीने त्यांच्याकडे मदतनीस म्हणून जायचे, तीन वर्षं. सरांच्या मते जग पेणला सुरू होऊन पेणलाच संपत होतं. पुढचा रस्ता गणपतीच्या मूर्ती बाहेर न्यायला केलेला. काही बिघडलं की त्यांचं वाक्य ठरलेलं: "कोड बरोबर हाय. मानसं चुकीची हायत." हे ते इतक्या ठसक्यात म्हणत की गिऱ्हाईकच माफी मागून जाई. मला ते आवडायचे, हेही सांगून टाकते.

रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीने नव्या भरतीसाठी त्यांच्याकडून बसचा फॉर्म करून घेतला. कामगाराने आपला थांबा निवडायचा: पेण, गडब, कोलाड, रोहा. चार गोल बटनं, त्यातलं एकच दाबता येतं. कोणतं दाबलंय ते जावास्क्रिप्टला, म्हणजे फॉर्ममागच्या कोडला, वाचायला सांगताना 'चेक्ड' एवढा एक शब्द लिहावा लागतो. तो नसला की कॉम्प्युटर दाबलेलं बटन शोधत बसत नाही, रांगेतलं पहिलं उचलतो. सरांनी तो शब्द लिहिला नव्हता. तपासताना त्यांनी पेण दाबलं, पेण उमटलं, आणि काम फत्ते झालं.

सोमवारी सकाळी नव्या भरतीच्या सगळ्या बस पेणला रांगेत उभ्या, आणि कोलाड-रोह्याची माणसं रस्त्यावर. पुरुषांनी शिव्या हासडल्या आणि दुचाक्या काढल्या. कोलाडच्या नसीमकडे दुचाकी नव्हती. ती नुकतीच लॅबमध्ये लागली होती, अजून कन्फर्म व्हायची होती. दोन दिवस तिला उशीर झाला. सुपरवायझर म्हणाला, "फॉर्मवर पेण तूच लिहिलंस. खोटा पत्ता देणारी माणसं आम्हाला नकोत." मंगळवारी दुपारी फॉर्मखालचं क्लासचं नाव वाचून ती थेट पेणला आली.

"तुमीच चुकीचं दाबलं असनार," सर म्हणाले.

"व्हय? मंग माज्यासमोर दाबा. कोलाड दाबा."

सरांनी कोलाड दाबलं. पेण उमटलं. रोहा दाबलं, पेणच उमटलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा दाबलं, जणू चूक काचेत होती.

"माजी नोकरी जातेय, सर," नसीम म्हणाली. "चूक फॉर्मची हाय, एवढं फोन करून सांगा."

सरांनी फोन लावला. "हां साहेब. फॉर्ममधी चूक झाली. आमच्या असिस्टंट पोरीची, कच्ची हाय अजून. त्या बायचा काय दोष नाय."

मला असा संताप आला की कान तापले. पण नसीमची नोकरी त्या फोनला टांगलेली होती, म्हणून तोंड शिवून बसले. नोकरी वाचली. नसीम माझा हात दाबून गेली.

"सर, माझं नाव?"

"अगो, रागावतेस काय? क्लास माज्या नावावर चालतो. तुज्या नावावर काय चालतं?"

"उद्यापासून मी येणार नाही."

"बरं. दार ओढून घे गो, एसी चालू हाय."

परतीच्या एसटीत गडब मागे पडेपर्यंत मी मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत होते. मग आठवलं. कंपनीला पाठवण्याआधी सरांनी तो फॉर्म मलाही तपासायला दिला होता. मी जन्माची रोह्याची. सर मागे उभे होते, आणि मी पेण दाबून म्हणाले होते, "बरोबर आहे, सर."