दुपारच्या गाण्यांच्या कमलअक्का

गाणं लावायच्या आधी कमलअक्का माइकमध्ये सांगायच्या, "बायांनो, चूल जरा बारीक करा. करपलं तर मला बोल लावताल." मग थोडं थांबायच्या, जणू चौसाळ्यापासून नेकनूरपर्यंतच्या साऱ्या चुली खरंच मंद होऊ देत. मग यंत्रावर बसलेल्या मला बोटाने खूण करायच्या.

आमचं एफएम केंद्र दूध संघाच्या माडीवर होतं. खाली पेंडीची पोती. त्या वासातूनच आमची गाणी हवेत जायची. जनावरांचे आजार, चाऱ्याची माहिती सांगायला संघाने ते काढलं होतं. मधला वेळ भरायला गाणी हवी होती. पोरं म्हणायची, धांगडधिंगा लावा. अक्का म्हणाल्या, "तसलं समद्या गावात वाजतंय. आपण निवांत वाजवू." तेव्हापासून दुपारी फक्त जुनी, संथ गाणी.

अक्कांची निम्मी हयात ऊसतोडीत, उसाच्या फडावरच्या पाचटाच्या कोप्यांत गेलेली. पाठीने दगा दिला तशा त्या गावी राहिल्या आणि आवाजाच्या जोरावर केंद्रात आल्या. गाण्याची ओळखही त्यांची वेगळीच. "हे मी फडावरच्या कोपीत ऐकलतं. टॅक्टरवाल्याचा रेडू होता. भाकर तव्यावर, अन् मी नुसती उभी."

मग सलग दुष्काळ पडला. दूध आटलं. संघाचे अध्यक्ष तात्या माडी चढून आले.

"अक्का, लोकांना प्यायला पानी न्हाई. गाणी कावून लावायची? टँकरच्या वेळा सांगा, बस."

"टँकरची वाट बघनाऱ्या मानसाला तुमी दुसरं काय देताव, तात्या?"

तात्यांनी ऐकलं नाही. गाणी बंद झाली. अक्का टँकरच्या वेळा वाचायच्या आणि वाचून झालं की खिडकीतून पांढऱ्या पडलेल्या माळाकडे बघत बसायच्या.

एका दुपारी टँकर वाटेत नादुरुस्त झाला. गावात रांगेत हंडे आपटायला लागले, एका म्हातारीला धक्का बसून ती पडली. लोकांनी तात्यांना वेढलं होतं. तिथल्या माणसाचा केंद्रावर फोन आला, दुसरा टँकर निघालाय पण इथं कुणी ऐकत नाही. अक्कांनी तो ऐकला आणि सरळ माइक ओढला. "रांगेतल्या मानसांनो, दुसरा टँकर निघालाय. हंडे जागेवर ऱ्हाऊ द्या, तुमी लिंबाखाली बसा. म्हातारीला आधी सावलीला न्या. पानी येईस्तोवर मी हाय." मला खूण झाली. एक गाणं संपलं की त्या दुसरं सांगायच्या. टँकरच्या वेळांसाठी देवळातल्या रेडिओला कर्णा जोडलेला होता, त्यातून ते सगळ्या गावाला ऐकू जात होतं. टँकर आला तेव्हा लोक लिंबाखालून एकेक करून उठले.

संध्याकाळी तात्या आले. उद्याच्या टँकरच्या वेळांचा कागद अक्कांपुढे ठेवला. जाताना म्हणाले, "मीबी बसलतो लिंबाखाली." दुसऱ्या दिवसापासून दुपार पुन्हा अक्कांची झाली.

पुढे काही वर्षांनी संघ मोडला, केंद्रही बंद पडलं. अक्कांना ऐकू येईनासं झालं होतं. मी नेकनूरला त्यांच्या घरी गेलो, सोबत जुनी गाणी भरलेला छोटा रेडिओ होता. तो त्यांच्या मांडीवर ठेवून सुरू केला. अक्कांनी त्यावर तळहात टेकवला, डोळे मिटले. हाताला लागणाऱ्या थरथरीवरून त्यांनी गाणं ओळखलं असावं. ओठ हलू लागले, गाण्याच्या किंचित मागे. गाणं संपलं. अक्कांचे ओठ हलतच होते. मी पुढचं गाणं न लावता बसून राहिलो, त्यांचं संपेपर्यंत.