काचेवरचं शेवाळ

एका मंगळवारी सकाळी माझी पत्नी वारली. डबा भरून ती बँकेत निघाली होती. जिन्यात बसली. शेजारच्या वहिनींनी मला हाक मारली. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी ती गेल्याचं सांगितलं.

आम्हाला मूलबाळ नाही. घरात मी उरलो आणि तिची काचेची टाकी उरली. मुकुंदवाडीतल्या आमच्या फ्लॅटच्या बैठकीत एका भिंतीला माझी पुस्तकं आणि समोरच्या भिंतीला तिची टाकी, अशी आमची वाटणी होती. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो होतो. तिची नोकरी अजून चालू होती. टाकीत थोडे काळे मॉली मासे होते आणि एक सकर होता. सकर म्हणजे पोटाच्या बाजूला तोंड असलेला, खरखरीत अंगाचा, तपकिरी ठिपक्यांचा मासा. ओठांनी तो काचेला चिकटतो आणि तिच्यावरचं शेवाळ खरवडून खातो. याला काही घालावं लागत नाही, हा टाकीतली घाण खाऊन जगतो, असं सांगून दुकानदार तो विकतात. तिने तो आणला तेव्हा बोटाएवढा होता आणि तिलाही हेच सांगितलं गेलं होतं. घरी येऊन ती मला म्हणाली, "घाण खाऊन कोण जगतं?"

मग तिने आपली रीत बसवली. टाकीची समोरची काच ती पुसायची. मागची आणि दोन्ही बाजूंच्या काचा तशाच हिरव्या राहू द्यायची, कारण ते त्याचं रान होतं. आठवड्यातून दोनदा उकळत्या पाण्यातून काढलेली काकडीची किंवा दुधीची चकती चमच्याला बांधून तळाशी सोडायची. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि येतं तेव्हा त्याला औषधाचा वास असतो. म्हणून नळ आला की ती आधी गॅलरीतली निळी टाकी भरून उघडी ठेवायची, वास उडाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माशांचं थोडं पाणी काढून तेवढंच नवं घालायची. फिल्टरचा स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळायची, साबण कधी लावला नाही. येणारे-जाणारे ती हिरवी काच बघून गप्प बसायचे. एकदा तिच्या बँकेतल्या मैत्रिणीने विचारलं होतं की टाकी घासायला वेळ मिळत नाही का. ती म्हणाली, "मिळतो, पण मी हात आवरते." मी हे सगळं पुस्तकाच्या वरच्या कडेवरून वर्षानुवर्षं बघत आलो होतो.

दहाव्याला मी आणि दाजी पैठणला गेलो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दोघं फुलंब्रीला असतात, त्यांची शेती आहे. ती बहीण, अक्का, माझ्या घरी थांबली होती. सुतक फिटलं की घर धुवायचं असतं, ते तिने स्वतःकडे घेतलं होतं. त्यात नेमका त्या दिवशी नळ आला. आम्ही संध्याकाळी परतलो तर दारापासूनच फिनेलचा वास येत होता. पडदे धुवून दोरीवर होते. पुस्तकांवरची धूळ गेली होती. आणि समोरच्या भिंतीवर टाकी अशी लखलखत होती की तिच्यातून मागच्या भिंतीवरचा रंगाचा पोपडा दिसत होता.

अक्काने माशांना बादलीत काढून चारही काचा घासल्या होत्या. आतलं लाकूड ब्रशने स्वच्छ केलं होतं, स्पंज साबणाने धुतला होता, जुनं पाणी मोरीत ओतून नळाखालचं ताजं पाणी काठोकाठ भरलं होतं. दमून ती खुर्चीत बसली होती. मी टाकीसमोर उभा राहिलो, तेव्हा तिला वाटलं मला भरून आलंय. ती म्हणाली, "सुतक सगळ्या घराला असतं भाऊ. तिची एवढ्या जिवाची वस्तू, ती का तशीच शेवाळलेली ठेवायची?"

तिच्यावर रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. आमच्याकडे मायेने कुणी काही करतं ते असंच करतं, घासून. मी लगेच अर्धं पाणी काढलं आणि गॅलरीतल्या टाकीच्या तळाशी उरलेलं शिळं पाणी घातलं. पुरलं नाही. दुसऱ्या दिवशी मॉली मरून वर तरंगले. अक्का बघायला आली आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. तेराव्यापर्यंत ती टाकीकडे फिरकली नाही.

सकर मेला नाही. पण तो काचेवरून काचेवर जात राहिला आणि त्याला कुठेच काही सापडेना. मी काकडी दिली. त्याने तोंड लावलं नाही. दुधी दिला, पालक दिला, तो तसाच पांढरा पडून काढावा लागला. काचेला चिकटला की त्याचं पोट समोर यायचं आणि ते दिवसेंदिवस आत जात होतं. माझ्या घरात तिने वाढवलेला जीव आता तेवढा एकच होता. तो जगवायचा हे मी ठरवलं, आणि तो कसा जगवायचा हे मला माहीत होतं. तिच्याकडे बघून कळलं होतं ते होतंच, बाकीचं मी वाचून काढलं. वाचायची सवय आयुष्यभर होती, ती आता कामाला आली.

त्याचा आजार सरळ होता. पाणी परकं झालं होतं आणि रान उजाड झालं होतं. पाण्यासाठी रोज थोडं काढून थोडं वास गेलेलं घालायचं आणि बाकी धीर धरायचा. रान मात्र पुन्हा पेरायला हवं होतं. काचेवर ते यायला फार दिवस लागले असते. म्हणून मी तिच्या कुंड्यांमधले गुळगुळीत गोटे उचलले, धुतले, दोन पसरट काचेच्या भांड्यांत ठेवले, वर टाकीतलं काढलेलं पाणी ओतलं आणि भांडी गच्चीवर उन्हात नेऊन ठेवली. कडक ऊन झालं की वरून जुन्या चादरीचा पातळ आडोसा करायचो.

गच्चीवर तेव्हा कुरडयांचे दिवस सुरू झाले होते. शेजारच्या वहिनींनी प्लास्टिकच्या कागदावर ओळी मांडल्या होत्या. रोज माझी फेरी बघून त्यांनी विचारलं, "भाऊजी, तुम्ही काय वाळत घातलंय?"

मी म्हणालो, "वाळत नाही वहिनी, भिजत घातलंय. दगड."

त्यांनी भांड्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाल्या, "मऊ झाले की सांगा." त्या दिवसापासून कावळ्यांसाठी काठी घेऊन बसताना त्यांनी माझ्या भांड्यांचीही राखण केली. स्वतःची सावलीही भांड्यांवर पडू दिली नाही.

आधी गोट्यांवर तपकिरी बुळबुळीतपणा आला. मग एका सकाळी बोट फिरवलं तर बोट हिरवं झालं. आणखी दाट व्हायला हवं होतं म्हणून मी थांबलो.

तोवर महिना झाला. मासिक श्राद्धासाठी पुन्हा पैठणला जायचं होतं. आदल्या दिवशी दुपारी अक्का आणि दाजी आले. दाजींच्या हातात झाकणाची नवी बादली होती. झाकणाला त्यांनी भोकं पाडली होती.

अक्काने चहा होऊ दिला आणि मग विषय काढला. तो मासा उद्या पैठणला न्यायचा आणि गोदावरीत सोडायचा. इथं तो असाही जगत नाही, तिथं मोकळा होईल, आणि जिवंत जीव सोडल्याचं पुण्य तिला लागेल. तिने गुरुजींनाही विचारून ठेवलं होतं. दाजी टाकीजवळ जाऊन वाकून बघत होते. ते म्हणाले, "लई खंगलाय राव. आता सोडलेला बरा."

मी सांगितलं की तो आपल्याकडचा मासा नाही. समुद्रापलीकडच्या नद्यांमधला आहे. मोठा होतो, काठ पोखरतो, दुसऱ्या माशांची अंडी खातो. कोळ्यांच्या जाळ्यात अडकला तर अंगावरच्या काट्यांनी जाळी फाडतो. मेला तरी वाईट आणि जगला तर त्याहून वाईट. दाजींना हे लगेच पटलं. बाहेरून आलेलं गवत शेतात काय करतं ते त्यांना ठाऊक आहे. त्यांनी बादली दाराशी नेऊन ठेवली.

अक्काला पटलं नाही. ती म्हणाली, "मला तुझी पुस्तकं नको सांगू. माझ्या हातानं बाकीचे गेले. हा तरी गंगेला लागू दे."

मराठवाड्यात गोदावरीला गंगाच म्हणतात. मी तिच्या शेजारी बसलो. "अक्का," मी म्हणालो, "आपल्या नळाला पाणी कुठून येतं?"

"कुठून म्हणजे? पैठणच्या धरणातनं."

"मग हा गंगेतच आहे की. इतकी वर्षं तिने त्याला गंगेतच ठेवलंय."

अक्काने टाकीकडे बघितलं. तिचा चेहरा हलला आणि मला वाटलं आता रडेल, पण तिला हसू आलं. महिन्यात पहिल्यांदाच ती माझ्या घरात हसली. दाजींकडे बघून म्हणाली, "बघा. बायको गेली, दगडं भिजवत बसला, अन् वरून मला शास्तर शिकवतो." मग मला म्हणाली, "कुठंयत तुझे दगड?"

मी गच्चीवरून एक भांडं आणलं. गोट्यांवर हिरवी मखमल धरली होती. तिनेच दोन गोटे उचलले आणि कोपरापर्यंत हात घालून तळाशी ठेवले, अलगद, पाणी गढूळ होऊ न देता. मी टाकीवर चादर टाकली, कारण तो अंधारातच निवांत खातो. आम्ही स्वयंपाकघरात जाऊन दुसऱ्या दिवसाच्या सामानाची बांधाबांध करत बसलो. अक्का मध्येच उठून चादरीचं टोक उचलून आली. काय दिसलं ते विचारलं तर म्हणाली, "चिकटलाय."

पहाटे निघण्याआधी मी चादर काढली. एका गोट्यावर ओठांनी ओढलेले पट्टे होते, एकाशेजारी एक, आणि त्या पट्ट्यांत दगडाचा मूळ रंग दिसत होता. बादली दाराशीच राहिली. नंतर अक्काने ती फुलंब्रीला नेली, आता तिच्यात तांदूळ ठेवते.

पुढे गोट्यांच्या पाळ्या लागल्या. दोन टाकीत, बाकीचे उन्हात. पाणी आपलं झालं तशी त्याने काकडीही धरली. वैशाखात पाणी तापायला लागलं तेव्हा मी बर्फाच्या बाटल्या वर तरंगत सोडल्या आणि दुपारभर पंखा टाकीकडे वळवून स्वतः घामात वाचत बसलो. मॉली पुन्हा आणले नाहीत. अक्का आली की अजूनही काचेच्या बाहेरच्या बाजूने फडकं फिरवते. तेवढी तिला मुभा आहे.

जिने त्याला आणलं ती नाही. मासा आहे, आता वीतभराहून लांब झाला आहे, त्याचं पोट भरलेलं आहे. त्याची देखभाल मी करतो आणि ती मला नीट जमते.