चार कॉम्प्युटर, एक फोन

ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर आले तेव्हा मला वाटलेलं, आता इथे प्रोग्रॅम तयार होतील. तयार झाले ते किस्से! जुने सहकारी भेटलो की एकाने एक काढायचा अवकाश, दुसऱ्याकडे दोन हजर. नव्वदीचं दशक संपत आलेलं. मी नुकताच शिकवायला लागलेलो आणि मला देश बदलायचा होता. शक्यतो त्याच टर्ममध्ये!

*

कॉम्प्युटर चार, मुलं साठ. मग मी पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून वाटले. "घरी बोटं बसवा!"

सगळ्यात जास्त मनावर घेतलं हेमा कोळीने. कोलशेतच्या खाडीत मासेमारी करणारं घर. रोज संध्याकाळी ही पुठ्ठा घेऊन बसायची. आईने थोडे दिवस पाहिलं, मग विचारलं, "वाजत तर काय नाय गो, मग शिकतेस काय?"

तेव्हापासून हेमा टाइप करताना तोंडाने टकटक करायची. वर्गातसुद्धा!

*

जर्नल तपासायला फिजिक्सचे सर. आकृतीशिवाय जर्नल पूर्ण होत नाही, हा त्यांचा नियम. मुलांनी कॉम्प्युटरच्या आकृत्या काढल्या, नावं दिली, शेडिंग केलं. ठाकुर्लीच्या प्रसादचे मात्र निम्मे मार्क गेले. माउस मॉनिटरपेक्षा मोठा!

"अरे, एवढा असतो का माउस?"

"सर, माझा नंबर अजून लागलाच नाही. ऐकून काढलाय!"

*

शेवटी प्रसादचा नंबर लागला. तासभर निबंध टाइप केला आणि लाइट गेली. सगळा निबंध गायब! मी ओरडलो, "आधी सेव्ह करायला शिक!"

पुढच्या तासाला पाहतो तर स्क्रीन कोरी आणि याचं सेव्ह करणं चालू.

"काय सेव्ह करतोयस रे?"

"सर, लाइटचा काय भरवसा? आधी सेव्ह करून घेतो, मग निवांत लिहितो."

*

पुण्यात शिकवणाऱ्या माझ्या मित्राने, मंदारने, फोनलाइनवरून कॉम्प्युटरवर शिकायचा कोर्स काढला. हेमाला तो करायचाच होता. पुण्याला राहायला घरून सोडणार नव्हते, आणि घरी फोन नव्हता. कॉलेजात होता एकच, प्राचार्यांच्या केबिनमध्ये. त्याची पॅरलल वायर कॉम्प्युटर रूममध्ये ओढायची परवानगी मागितली.

"समोर मास्तर नाही, तर मुलांवर वचक कुणाचा?" प्राचार्यांनी विचारलं.

"सर, जग कुठे चाललंय! ठाण्यातल्या मुलांनी कुणाचं घोडं मारलंय?"

"जग जाऊ द्या. एक तास करून दाखवा. शिस्त दिसली नाही, तर वायर काढून टाकायची."

मी एकच विनंती केली. तास चालू असताना रिसीव्हर उचलायचा नाही, कनेक्शन तुटतं. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

*

तो दिवस उजाडला. कॉम्प्युटर फोनला जोडणारं मोडेम कर्कश किंचाळलं, लाइन जोडली गेली, आणि स्क्रीनवर मंदारचं वाक्य उमटलं: गुड मॉर्निंग, स्टुडंट्स.

अख्खा वर्ग उभा राहिला!

"अरे बसा! त्याला दिसत नाही तुम्ही!"

"सर, त्यांनी अजून बसा म्हटलेलं नाही," प्रसाद म्हणाला.

हेमाने टकटक करत टाइप केलं: सर, बसू का?

उत्तर यायच्या आत कनेक्शन तुटलं. पुन्हा लावायला गेलो, तर लाइन एंगेज. हेमाचा चेहरा उतरला. ती वायरीकडेच बघत राहिली. कोणी बसेना. साठच्या साठ मुलं माना खाली घालून उभी.

तेवढ्यात दारात प्राचार्य. त्यांनी सगळ्या वर्गावरून नजर फिरवली.

"तास कसा चाललाय म्हणून मी जरा फोन उचलून ऐकला," ते हळूच मला म्हणाले. "काय हो ओरडत होते पुण्याचे सर! एक शब्द कळला नाही, पण काय तो आवाज!"

मग मुलांकडे वळून म्हणाले, "सगळ्यांना उभं केलं ना? अभ्यास करून येत जा!"

आणि जाता जाता मला म्हणाले, "वायर राहू द्या. असाच माणूस हवा."