वीस पावलं आत

साखळीकाकांनी खाणवाल्यांशी आतून संधान बांधून परसातली विहीर विकली, ही बातमी गल्लीत दूधवाल्याच्याही आधी पोचली. बातमी साफ खोटी. विकली असती तर काकूंनी निदान स्वयंपाकघराचा गळका पत्रा तरी बदलून घेतला असता. काकांनी विहीर विकली नव्हती. तीस वर्षांपूर्वीच फुकटात देऊन टाकली होती. त्यांना स्वतःला ते कळलं मात्र गेल्या महिन्यात.

काका मोजणी खात्यात साखळी धरायचे, म्हणून हे नाव. साहेब सावलीत बसून नकाशा काढणार, काका साखळी ओढून हद्दीचे दगड पुरणार. खात्याचा नियम, दगड मापावर पुरायचा. साखळीवाल्यांचा नियम, कुदळ घुसेल तिथे पुरायचा. साहेब थोडाच उठून बघतोय! काकांच्या स्वतःच्या परसाची मोजणी आली, तेव्हा विहिरीपलीकडे कुदळ हाणली तर ठिणग्याच उडाल्या. वीस पावलं आत, विहिरीच्या अलीकडे, माती मऊ लागली. दगड तिथे उभा राहिला.

"आपलंच तर आहे, कोण विचारतंय!" असं काकूंना सांगून काकांनी त्याच विहिरीवर हातपाय धुतले.

विचारायला खाण आली. कुदळीला दाद न देणारा तो काळा खडक म्हणजेच त्यांना हवं असलेलं लोखंड. दगडापलीकडची जमीन कागदावर सरकारी, आणि सरकारने ती खाणीला देऊन टाकलेली.

सुनावणीला काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले. "साहेब, दगड चुकलाय. मीच पुरलाय, मीच सांगतो."

अधिकारी गोड हसले. "मग काका, तुम्ही पुरलेले बाकीचे दगडही तपासावे लागतील. तोवर तुमच्या गल्लीतल्या सगळ्यांची, खाणीत गेलेल्या जमिनीची भरपाई थांबेल."

मागच्या बाकांवर गल्ली बसली होती. सगळ्यांना एकदमच खोकला आला. काकांची सख्खी वहिनी कानाशी लागली, "भाऊजी, या वयात आठवणीचा काय भरवसा?" काकांनी मागे वळून पाहिलं. जो तो छताचा पंखा न्याहाळत होता.

"दगड बरोबर आहे," काका म्हणाले, आणि सही ठोकली.

विहीर विकल्याची बातमी दुसऱ्याच दिवशी सुटली. कुठून, ते वहिनींना विचारा.

आता दगडाला लागून तारेचं कुंपण आहे. परवा काका सवयीने कळशी घेऊन निघाले, तर पलीकडून पहारेकरी ओरडला, "ओ आजोबा, मागे व्हा! कंपनीची जागा आहे." ओरडला खरा, पण पेला तोंडाशीच होता, पाणी त्याच विहिरीचं, गार.

काकांनी कळशी खाली ठेवली.

"पी बाबा, सावकाश पी. त्या दिवशी मी कुदळीचे चार घाव जास्त घातले असते, तर आज तुला हेच पाणी मी पाहुणा म्हणून पाजलं असतं."