रुमालाखालचं बोट

गेल्या वर्षी पोळ्यानंतरच्या पहिल्या बाजारी म्हैस विकायला नेली. अपेक्षा ऐंशी हजारांची. हजर चौघे: मी, बायको, दलाल आणि शिरड शहापूरकडचा व्यापारी.

म्हशीत खोट नव्हती. खोट माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात होती. धार काढताना ते वाकायचं आणि तसंच अडकायचं. बोट वाकवणारी कंडरा ज्या कड्यातून सरकते, ते आवळलेलं कडं डॉक्टरांनी कापून मोकळं केलं आणि बजावलं, "आज संध्याकाळपासूनच बोट हलवायचं." घरी भेटायला येणारा प्रत्येक जण मात्र म्हणे, "टाका ओला हाय, हलवू नका." बायकोने हात झोळीत बांधला. हलवलं की दुखायचं, म्हणून मलाही ते बरंच वाटलं.

टाके निघाले तोवर कंडरा व्रणाला चिकटली होती. मग गरम पाणी, व्यायाम. बसमध्ये, जेवताना, बोलता बोलता मी बोट मिटत राही. तळव्यापासून दोन सेंटिमीटरवर ते थांबे. मोजपट्टी लावून बघायचो, रोज तेवढंच.

"काहून सारखं मोजून राहिले?" बायको वैतागायची. "मोजल्यानं वाकते व्हय?"

त्या बोटाने धार होईना, आणि म्हैस बायकोला कासेला हात लावू देईना. लाथ बसून तिची नडगी काळीनिळी झाली, तेव्हा विकायचं ठरलं.

आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून आकडा सांगतात. माझी पाळी आली. व्यापाऱ्याची बोटं धरायला मूठ आवळली, तर मधलं बोट अर्ध्यातच थांबलं. व्यापाऱ्याने ते रुमालाआड हळूच चाचपलं.

"मामा, धार कोण काढतं घरी?"

"मीच."

"ह्या हातानं?"

विकणारा अडलेला आहे, हे त्याने ओळखलं. पुढच्या खेपेला त्याने धरलेला आकडा एकदम खाली आला.

"चला वापस," बायको म्हणाली. "मी लावते तिला सवय."

"वहिनी, सवय लागंपर्यंत दूध आटंल," दलाल म्हणाला.

मी बायकोच्या नडगीकडे पाहिलं आणि व्यापाऱ्याला मानेनेच होकार दिला. म्हैस सहासष्ट हजारांना गेली.

चिकटलेली कंडरा सोडवायला हात पुन्हा उघडावा लागणार होता. बोट पूर्ण मिटेलच, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. दलालाला हजार दिले होते. उरलेल्यातले बावीस हजार दवाखान्याच्या खिडकीवर भरले.