बाहेरच्या बाजूचा अंगठा

पायात बूट चढवताना मला ते प्रकरण अजून आठवतं. आता नोकरी नाही, बूटही क्वचितच लागतात. पण लागले की नजर अंगठ्याकडे जातेच. नावं देत नाही. त्यातली माणसं अजून हयात आहेत.

निजामाची राजवट होती. जिंतूर तालुक्यातल्या एका ठाण्यावर मी अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. सकाळची हजेरी चालू असताना बोरीकडच्या एका खेड्याचा पोलीस पाटील आला. पागोटं काढून बाकावर ठेवलं, पाणी प्यायला आणि म्हणाला, "सायेब, वढ्याच्या काठाला कुत्र्यांनी माणूस उकरलंय."

"बाई का बाप्या?"

"हात बारीक हायेत. बाईच म्हणायलेत समदे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आन् गावात बाई एकच कमी हाय."

ती एका लहान शेतकऱ्याची बायको. पोळ्यापासून ती दिसली नव्हती. नवरा म्हणे माहेरी गेली, आणि माहेरचे म्हणत आमच्याकडे आलीच नाही. एवढं ऐकूनच माझं मत निम्मं बनलं होतं.

खड्ड्यात लाल कापडात गुंडाळलेला सांगाडा होता. हातपाय शिरांनी अजून जोडलेले होते. कातडी नव्हती, मुंडकं नव्हतं, बोटांची टोकंही नव्हती. ओळख पटू नये म्हणून कापली असणार, असं पंच म्हणाले आणि मलाही ते पटलं. विटाळाच्या भीतीनं पंच बांधावरून खाली उतरलेच नाहीत. मीही हात न लावता काठीनं उलटंपालटं केलं. अंगठा बघून मी 'डावा पाय', 'उजवा पाय' सांगत गेलो आणि कारकून उर्दूत लिहीत गेला. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावून बघितलं आणि तरुण बाई असल्याचा शेरा दिला.

नवऱ्याला ठाण्यात आणलं. मी मारहाण केली नाही, असं मी पुढे वर्षानुवर्षं सांगत आलो. ते खरं आहे. मी त्याला झोपू दिलं नाही आणि त्याच्या म्हाताऱ्या आईला ठाण्याच्या पायरीवर उन्हात बसवून ठेवलं, हेही तितकंच खरं आहे.

"भांडण झालं होतं ना?"

"झालं व्हतं. भांडणं व्हत्यातच की घरात."

"कुऱ्हाड कुठं होती?"

"कुऱ्हाड कुठं जाती सायेब, घरातच व्हती."

"मग कुऱ्हाडीनंच मारलंस."

तो दाराबाहेर आईकडं बघत राहिला. मग म्हणाला, "म्हातारीला घरी जाऊ द्या. म्हणा कुऱ्हाडीनं."

जबाबात मी लिहिलं, 'कुऱ्हाडीने मारले'. 'म्हणा' हा शब्द मी गाळला. लाल कापड बायकोचंच आहे, हेही त्यानं तसंच कबूल केलं.

मुंडकं पूर्णा नदीत टाकल्याचं तो बोलला होता. आम्ही त्याला नदीवर नेलं. त्यानं एक डोह दाखवला. तिथं काही मिळालं नाही, तेव्हा दुसरा दाखवला, मग तिसरा. जमादार पाण्यातून वैतागून ओरडला, "अरे, तुझ्या बायकोला मुंडकी तरी किती व्हती?" सगळे हसले. तो माणूसही आमच्याबरोबर कसंनुसं हसला. मी तेव्हाच थांबायला हवं होतं.

मुंडक्याशिवाय खटला उभा राहायचा नाही, म्हणून वरिष्ठांनी हाडं तपासणीसाठी हैदराबादला न्यायला सांगितलं. पायांना 'डावा', 'उजवा' अशा चिठ्ठ्या बांधून, पत्र्याच्या पेटीत घालून ती मी परभणीहून रेल्वेनं नेली. तिथं शरीररचना शिकवणारे एक वयस्कर डॉक्टर होते. त्यांनी हाडं टेबलावर मांडली, माझ्या चिठ्ठ्या वाचल्या आणि म्हणाले, "अमीनसाब, बूट उतारो."

मला वाटलं, खोली स्वच्छ ठेवायची असेल.

"मोजा भी उतारो. पाँव यहाँ रखो."

मी उघडा पाय त्या हाडांच्या पायाशेजारी ठेवला. "आपका अंगूठा किधर?"

"आतल्या बाजूला."

"और इसका?"

पंचनाम्यात मी ज्याला अंगठा म्हटलं होतं, ते जाड बोट बाहेरच्या बाजूला होतं. माझी करंगळी असते तिथं. अंगठ्याच्या जागी सगळ्यांत बारीक बोट होतं. मी अंगठ्यावरून डावा-उजवा ठरवला होता, त्यामुळं दोन्ही चिठ्ठ्या उलट्या लागल्या होत्या.

"रीछ है," ते म्हणाले. अस्वल.

मग त्यांनी कपाटातून माणसाचं, माकडाचं आणि बैलाचं पाऊल काढून ओळीनं ठेवलं. सगळ्यांचा आराखडा एकच. कुणी त्याचा खूर केला, कुणी पंजा, कुणी हात. ही हाडं शेजारी ठेवून बघण्याची विद्या फक्त माणसाच्या डॉक्टरांची नव्हे, असं ते म्हणाले. गुरांचा डॉक्टर तिच्याच आधारानं लंगड्या बैलाचा सांधा शोधतो. गोदावरीच्या काठाला दगड झालेली हाडं निघतात, ज्यांना आपल्याकडं राक्षसाची म्हणतात, ती कुठल्या जनावराची हेही तीच सांगते. ते शांतपणे बोलत होते. मी एका पायात बूट घालून ऐकत होतो. पायरीवर बसलेली म्हातारी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"आखरी पेरां किसीने नाखुनों के साथ काटे," ते पेटी बंद करताना म्हणाले. बोटांची शेवटची पेरं कुणीतरी नखांसकट कापून नेली होती.

नखं कोण कापतं, हे कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्याच मुलाच्या गळ्यात अस्वलाच्या केसांचा तावीज होता. अस्वलाचा खेळ करणारा दरवेशी मला पाथरीच्या बाजारात सापडला. अस्वल नव्हतं; नुसती नखं आणि केस मांडून बसला होता.

"म्हातारी झाली व्हती, मेली," तो म्हणाला. "कातडं, मुंडकं, नखं ठेवून घेतली. पोटाला पायजे ना, सायेब. पर जलमभर तिनं पोसलं मला. तशीच कशी गाडू? लाल कापड नवं आणलं." मग त्यानं विचारलं, "कुत्र्यांनी लय खाल्लं का हो तिला?"

नवऱ्याला सोडलं. बायकोची एक मावशी वऱ्हाडात होती; तिथं, म्हणजे इंग्रजी मुलखात, चौकशी करायची तर पत्रव्यवहार करावा लागे, म्हणून आधी मी ती केलीच नव्हती. आता माणूस पाठवला. बायको तिथं मावशीच्या शेतात कापूस वेचत होती. सासूशी पटलं नाही म्हणून गेली होती आणि राग उतरल्यावर परत येणारच होती. मावशीचा नवरा तिला ठाण्यात घेऊन आला; तिच्या नवऱ्यालाही बोलावून घेतलं होतं.

पाटील खुशीत होता. "बाई, तुझा पंचनामा झालाय. आता दुसऱ्यांदा मरता यायचं न्हाई."

ती तोंडाला पदर लावून हसली. "कशी मेले म्हनं मी?"

पाटलानं सगळं सांगितलं. ओढ्याचा काठ, कुऱ्हाड, पूर्णेचा डोह. तिचं हसू गेलं. तिनं नवऱ्याकडं वळून विचारलं, "तुमी म्हणलात असं?"

"म्हणलं."

"मुंडकं टाकल्यालं बी?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या वेळी एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते बोलू शकणारा तिथं मी एकटाच होतो. पाटील होता, जमादार होता, जवान उभे होते. मी टेबलावरचे कागद सरळ केले.

"म्हंजी मनात व्हतं," ती म्हणाली आणि मावशीच्या नवऱ्याबरोबर वऱ्हाडच्या वाटेला लागली. ती परत आली नाही. तो पुढे बरीच वर्षं एकटा राहिला; आईनं भाकरी थापली तोवर थापली.

त्या डॉक्टरांकडून मी एक गोष्ट शिकलो. एकटं हाड बघितलं की मनात असतं तेच दिसतं. दुसरं शेजारी ठेवलं की फरक कळतो. पुढे प्रत्येक जबाबाशेजारी मी माझे प्रश्न ठेवून वाचू लागलो. आरोपीची उत्तरं माझ्या प्रश्नांच्याच मापाची निघाली, तर तो जबाब मी बाजूला ठेवत असे. त्यानं काही जण वाचले असतील. पण ज्याच्यामुळं शिकलो त्याच्या उपयोगी ते पडलं नाही.

ती बाई शिकलेली नाही. हे कुणी तिला वाचून दाखवलं तर बरं होईल. बाई, तुझ्या नवऱ्याच्या मनात तसं काही नव्हतं. कुऱ्हाड मी आणली होती. तो आईला उन्हातून उठवायला फक्त 'म्हणा' म्हणाला होता.