कागदावरची दुरुस्ती

कडा या गावात माझं दोन खोल्यांचं घर आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी बीडला मुलीजवळ राहायला आले आणि ते घर एका टेम्पोचालकाला भाड्यानं दिलं. घरात तो आणि त्याची बायको, दोघंच.

पहिल्या वर्षी विवरणपत्र भरताना कर सल्लागार म्हणाले, "बाई, भाड्याच्या उत्पन्नातून तीस टक्के दुरुस्ती-देखभालीपोटी सरळ वजा होतात. खर्च करा नाहीतर करू नका, पावती लागत नाही."

मला बरं वाटलं.

त्याच पावसाळ्यात टेम्पोचालकाच्या बायकोचा फोन आला. "बाई, सैपाकघराचा स्लॅब लई गळायलाय."

"पाऊस उघडला की बघू," मी म्हणाले. पाऊस उघडला, मी काही बघितलं नाही. पुढच्या वर्षीही तेच झालं. तिनं पातेली लावून दिवस काढले आणि मी तीस टक्के वजा करून विवरणपत्रावर सही केली.

तिसऱ्या वर्षी ती भाकरी थापत असताना स्लॅबचा गिलावा तिच्या हातावर पडला. मनगट मोडलं.

मी धावत गेले. दवाखान्याचा खर्च देऊ केला, तो तिच्या नवऱ्यानं घेतला नाही. मी लगेच मिस्त्री लावला. स्लॅब, फरशी, ओटा, सगळं करून घेतलं. बिलं मात्र जपून ठेवली आणि सल्लागारांपुढे मांडली.

"दुरुस्तीचा खर्च वेगळा दाखवता येत नाही, बाई. त्याचेच तर तीस टक्के तुम्ही दरवर्षी घेताय. नवीन ओटा-फरशी फार तर घर विकताना किमतीत धरता येईल."

ते सहज बोलून गेले. मला तिथं बसवेना.

दुसऱ्या दिवशीच कड्याला जाऊन मी तिला सगळं सांगितलं. तिला आधी नीट कळलं नाही. मग म्हणाली, "म्हंजे दुरुस्तीच्या नावानं तुमाला सूट मिळत हुती?"

"हो."

"मंग कावून न्हाई केली?"

पैसे नव्हते असं नाही. वेळही होता. "कंटाळा केला," मी म्हणाले. दुसरं काही खरं नव्हतंच.

ती रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

दिवाळीनंतर त्यांनी घर सोडलं, किल्ली शेजारी ठेवली. मी कुलूप उघडलं तर दोन्ही खोल्या झाडून-पुसून लख्ख केलेल्या. तशा हातानं तिनं केलं असेल. मी उंबऱ्यातच उभी राहिले, आत पाऊल टाकवेना.